मदत हवी आहे : झोपेबद्दलचे गैरसमज बाबांना कसे समजावू?

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. रात्री जेमतेम पाच तास झोपतात आणि म्हणतात, "वय झालं की झोप कमीच लागते." मी वाचलंय की गरज फारशी कमी होत नाही. ६५ नंतरही साधारण ७ ते ८ तास हवेतच. कमी होते ती गाढ झोप, आणि मध्ये जाग जास्त येते. पण हे सांगितलं की ते फक्त हसतात.

मला खरी काळजी वाटते ती त्यांच्या घोरण्याची. घरात सगळे "दमलेत, गाढ झोपलेत" म्हणून सोडून देतात. पण मध्येच आवाज थांबतो, काही सेकंद श्वासच ऐकू येत नाही, मग दचकून मोठा श्वास घेतात. दिवसा बसल्या बसल्या डुलक्या लागतात. रक्तदाबही आहे. ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं असू शकतात ना? त्यात घशाचा मार्ग बंद होऊन श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो.

त्यात झोपण्याआधी थोडी दारू घेतात, "त्याने झोप छान लागते" म्हणून. डोळा लवकर लागतो हे खरं, पण दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि उत्तररात्री झोप मोडते.

कुणाच्या घरी असं माणूस तपासणीला तयार झालंय का? काय बोललात तेव्हा पटलं? झोपेची तपासणी घरच्या घरी केलेली पुरते का? घोरण्याचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवावा का, की त्यांना वाईट वाटेल? तुमच्या घरातले असे समज आणि ते कसे सुटले, तेही जरूर लिहा.