चर्चा: लॅटिन उपासना जपणारा भगिनींचा मठ शोधणाऱ्या मुलीला आपण काय सांगावे?

वसईकरीण

माझ्या बहिणीची मुलगी चोवीस वर्षांची आहे. धर्मभगिनी व्हावे असे तिच्या मनात गेली दोन वर्षे आहे आणि घरातून त्याला विरोध नाही. वाद निराळाच आहे. ज्या मठात दिवसभरात ठरल्या वेळी होणारी प्रहर-प्रार्थना लॅटिनमध्ये गायली जाते आणि शक्य तर मिस्साही, म्हणजे धर्मगुरूने वेदीवर अर्पण करायची मुख्य उपासनाही, 1962 च्या जुन्या मिस्सा-ग्रंथाप्रमाणे होते, अशाच मठात तिला जायचे आहे. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) काही जाणत्या मंडळींनी "हे खूळ डोक्यातून काढ" असे तिला सुनावले आणि पोर रडत घरी आली. मला हे खूळ वाटत नाही. तिची ओढ चर्चच्याच परंपरेतली आहे, आणि तिला नाउमेद करण्यापेक्षा शोध नीट कसा घ्यावा हे कोणीतरी सांगायला हवे होते, म्हणून मी हा विषय येथे मांडते.

"लॅटिन उपासना" या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. काही मठांत जुन्या विधीची मिस्सा आणि जुनीच प्रहर-प्रार्थना असते. काही मठांत मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (1962 ते 1965 मध्ये भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतरच्या) नव्या विधीची, पण ती लॅटिनमध्ये गायली जाते. आणखी काही ठिकाणी मिस्सा लोकभाषेत होते, मात्र भगिनींची स्तोत्रे लॅटिनमध्ये असतात. मठाचे पत्रक वाचून यातले काय आहे ते कळत नाही. त्यांचे दिवसाचे वेळापत्रक पाहावे लागते. त्यात पहाटेच्या लॉड्स या प्रार्थनेनंतर "प्राइम" नावाची प्रार्थना असेल तर तो मठ बहुधा जुनेच ग्रंथ वापरतो, कारण त्या परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्राइम रद्द केली. ही साधी खूण भाचीला कळल्यापासून तिने जमवलेल्या नावांपैकी अर्धी नावे तिने स्वतःच बाजूला केली.

माझा आग्रह असा आहे की शोध मिस्सेपासून न करता प्रहर-प्रार्थनेपासून करावा. मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू यावा लागतो आणि तो कोणत्या विधीने अर्पण करील हे बिशप आणि रोम ठरवतात. प्रहर-प्रार्थना हे मात्र भगिनींचे स्वतःचे काम आहे. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमाप्रमाणे बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून व्हायची असतात, म्हणजे भगिनीचे आयुष्य खऱ्या अर्थाने जाते ते गायनकक्षातल्या त्या लाकडी आसनावर.

असे मठ आज आहेत. फ्रान्समध्ये ल बारू येथे भगिनींचा बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टचा नियम पाळणारा, मठ आहे; 1979 मध्ये सुरू झालेला हा संघ जुने विधी पाळतो. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राइड येथे सेंट सिसिलिया मठात ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचे जुने एकसुरी गायन, लॅटिनमध्ये चालते, मात्र तिथली मिस्सा नव्या विधीची आहे. दक्षिण फ्रान्समधल्या जुक येथील भगिनींनी तर ग्रेगोरियन गायनाचा अख्खा संग्रह ध्वनिमुद्रित करून दिला आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या गावर येथे 'मेरी, प्रेषितांची राणी' या नावाच्या बेनेडिक्टाइन भगिनी आहेत.

या शेवटच्या मठाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ही गोऱ्या युरोपीय लोकांची जुनी हौस आहे असे भाचीला सांगितले गेले. या संघाची संस्थापिका सिस्टर विल्हेल्मिना लँकेस्टर ही सेंट लुइसमध्ये 1924 साली जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी बाल्टिमोरमध्ये 1829 साली निघालेल्या ओब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स या संघात तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली आणि सत्तरीला आल्यावर, 1995 मध्ये, जुनी उपासना आणि जुना झगा जपणारा नवा संघ सुरू केला. ती 2019 मध्ये वारली. या बाईची ओढ कोणत्या गोऱ्या आजोबांच्या आठवणींतून आली असेल?

पापडीचा वाचक

ताई, मुलीला रडवणे चूकच होते आणि त्याबद्दल दुमत नाही. परंतु आपण जे चित्र रंगवले आहे त्यातला एक मोठा भाग आपल्या नजरेतून सुटला आहे, आणि तो स्त्रियांच्याच बाबतीतला आहे.

आपण ज्या गायनकक्षाचे वर्णन केले त्या कक्षात जुन्या काळी सगळ्या भगिनी बसत नसत. मठात दोन वर्ग असत. ज्यांना लॅटिन वाचता येई त्या कक्षातल्या भगिनी. ज्यांना येत नसे, म्हणजे बहुधा गरिबाघरच्या मुली, त्या स्वयंपाक, धुणे आणि शेती सांभाळत आणि स्तोत्रांऐवजी ठरावीक संख्येने 'हे आमच्या बापा' म्हणत. मठाच्या कारभारात त्यांना मत नसे. परिषदेने 1965 मध्ये संन्यस्त जीवनाविषयीच्या आदेशात भगिनींचा एकच वर्ग असावा असे सांगितले, ते उगाच नव्हे. एकाच छपराखाली, एकाच व्रताने बांधलेल्या बायकांमध्ये जी भिंत उभी होती तिच्या विटांमध्ये लॅटिनही होती. ती भाषा किती सुंदर आहे हे सांगताना ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरे म्हणजे, आपण वसईचे लोक. माझी आजी रोज पहाटे मिस्सेला जाई आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून पुटपुटत असताना ती बाकावर बसून रोझरी म्हणे, कारण पुढे काय चालले आहे ते तिला कळतच नसे. मिस्सा मराठीत आली तेव्हा ती साठीची होती. शुभवर्तमान वेदीवरून आपल्या बोलीजवळच्या भाषेत ऐकल्यावर ती म्हणाली, "आता देव माझ्याशी बोलायला लागला." हे घरात पन्नास वेळा सांगितले गेलेले वाक्य आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये छापून काढली, कारण लॅटिनने इथल्या माणसाच्या काळजाला हात घालता येत नाही हे त्या इंग्रज जेजुइटाला (येशूसंघाच्या धर्मगुरूला) चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. आपल्याच मुलीने उलट दिशेने चालू लागावे याचे मला मनापासून दुःख होते.

दिवाडकर

पापडीच्या मित्रांचा दोन वर्गांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे; पण लॅटिन आणि इथला माणूस यांच्यात नातेच नव्हते हे मात्र गोव्यात वाढलेला मनुष्य कबूल करणार नाही. आमच्या वाड्यावर क्रुसापुढे लादीन, म्हणजे शेजारपाजारच्यांनी मिळून गायची प्रार्थना, होते, ते आजही अनेक ठिकाणी लॅटिनमध्ये. व्हायोलिनवर सूर लागतो, दोन-तीन आवाजांत लितानी (एकाने विनवणी म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे) गायली जाते, आणि "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी प्रार्थना कर) हे उत्तर शेतात राबणारी बाईसुद्धा अचूक सुरात देते. मग उकडलेले चणे वाटले जातात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातली मोतेत नावाची भक्तिगीते आमच्या गायकांनी लॅटिन शब्दांवरच रचली. शब्दन्‌शब्द कळत नव्हता हे खरे, पण ती गाणी आमची नव्हती असे कोण म्हणेल?

भाचीबाईंनी मात्र जुन्या गोव्याला जाऊन सांता मोनिकाचा मठ एकदा पाहावा असे मला सुचवायचे आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 साली स्थापन केलेला हा आशियातला भगिनींचा पहिला मोठा मठ. ऑगस्टिनच्या नियमाने राहणाऱ्या या भगिनींची प्रार्थना लॅटिनमध्ये चाले. जांभ्या दगडाची तीन मजली चौकोनी इमारत, आत अंगण, बाहेरून धिरे दिलेल्या जाड भिंती. पोर्तुगालने 1834 मध्ये धर्मसंघ बंद केले आणि नव्या मुली घेण्यास मनाई झाली. आत असलेल्या भगिनींना राहू दिले गेले, त्या एकेक करून गेल्या आणि 1885 मध्ये शेवटची भगिनी वारली तेव्हा मठ मिटला. जिथे सगळ्या मिळून आळीपाळीने स्तोत्रांचे चरण म्हणत, तिथे शेवटी दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायला कोणी उरले नसणार. त्या दगडी जिन्यावर उभे राहिलो की मला दर वेळी हेच आठवते.

म्हणून मठ निवडताना ग्रंथ कोणते आहेत याच्या आधी तिथे नव्या मुली किती आहेत आणि त्यांतल्या किती टिकतात ते विचारावे. 1964 पासून त्याच इमारतीत भगिनींना धर्मशिक्षण देणारी मातेर देई ही संस्था आहे, हेही तिला दाखवा.

एक धर्मभगिनी

मी एका सेवाभावी संघात अठ्ठावीस वर्षे आहे. दवाखाना आणि वसतिगृह हे आमचे काम. मी मुलीच्या इच्छेविरुद्ध नाही, पण मावशींच्या मांडणीविरुद्ध आहे. पाचारण, म्हणजे देवाची हाक, हे येशूच्या मागे जाण्याचे असते. उपासनेच्या विशिष्ट पद्धतीची अट घालून जी मुलगी दारात येते ती व्रत घेताना मनात एक कोपरा स्वतःसाठी राखून ठेवते, आणि आज्ञापालनाचे व्रत नेमके त्याच कोपऱ्याची परीक्षा घेते.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. पोप बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये जुन्या मिस्सेला मोकळीक दिली आणि 16 जुलै 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली. चौदा वर्षांत एक दार उघडले आणि बरेचसे लोटले गेले. या काळात केवळ त्या मिस्सेसाठी जिने मठ धरला तिची अवस्था काय झाली असेल? व्रताने ती मठाशी बांधलेली असते. मिस्सेच्या मागे जागा बदलत फिरता येत नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्या काळजीने लिहिते. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कार्मेल मठाचा (कार्मेलाइट भगिनींच्या मठाचा) 2023 मध्ये आपल्या बिशपांशी वाद झाला. वादाचे मूळ उपासनेत नव्हते, पण चिघळता चिघळता त्या भगिनींनी रोमशी पूर्ण सलोखा नसलेल्या संत पायस दहावे यांच्या नावाच्या संघाशी स्वतःला जोडून घेतले, आणि 2024 मध्ये व्हॅटिकनने मठच विसर्जित केला. तिथल्या भगिनींनी तारुण्यात दिलेले वचन शेवटी कोणाला दिलेले ठरले? म्हणून मुलीने पहिला प्रश्न असा विचारावा: "आपल्या संघाला मान्यता कोणाची आहे, बिशपांची की रोमची, आणि ती लेखी आहे का?" गायन किती मधुर आहे हा प्रश्न नंतरचा.

ध्यानमठात, म्हणजे बाहेरची सेवा न करता प्रार्थनेलाच वाहिलेल्या मठात, जाणे म्हणजे काय, हेही घरच्यांनी समजून घ्यावे. 2018 च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे ओळखीचा काळ एक वर्ष, पोस्ट्युलन्सी (उमेदवारी) किमान एक वर्ष, नॉव्हिशिएट (व्रतांआधीचे प्रशिक्षण) दोन वर्षे आणि तात्पुरती व्रते किमान पाच वर्षे. म्हणजे अखेरचे व्रत नऊ वर्षांच्या आत होत नाही. मी स्वतः नॉव्हिस असताना आमच्या प्रमुख भगिनी म्हणत, पहिले वर्ष देवाचे, दुसरे वर्ष शेजारणीचे. शेजारच्या आसनावरच्या भगिनीचा बेसूर आवाज वर्षानुवर्षे ऐकून घेता येणे हे लॅटिन शिकण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

वसईकरीण

सिस्टर, तुमचा मान्यतेचा प्रश्न मी तसाच्या तसा उचलला आहे आणि तो भाचीच्या पत्रात पहिला आहे. राखून ठेवलेल्या कोपऱ्याविषयी मात्र मला उत्तर द्यावेसे वाटते. एखादी मुलगी कुष्ठरोग्यांची सेवा करायची म्हणून तशाच संघाकडे जाते तेव्हा तिने अट घातली असे आपण म्हणत नाही. तिला देवाने तिकडे बोलावले असे म्हणतो. स्तोत्र गाणे हेच ज्या मठाचे काम आहे, तिथे ते कसे गायले जाते हा प्रश्न रुग्णसेवा कोणत्या रोग्यांची करायची या प्रश्नाइतकाच गंभीर आहे. पोप सहावे पॉल यांनी 15 ऑगस्ट 1966 रोजी, म्हणजे परिषद संपल्यानंतर, संघप्रमुखांना पत्र लिहून गायनकक्षातली लॅटिन सोडू नका अशी विनंती केली होती. त्या विनंतीला साठ वर्षांनी एखादी मुलगी हो म्हणत असेल, तर तिच्यावर अवज्ञेचा संशय कशासाठी घ्यावा? आणि दार लोटले जाण्याची भीती तुम्ही दाखवलीत, तिच्यासाठीच तर मी शोध प्रहर-प्रार्थनेपासून करायला सांगते. धर्मगुरू उद्या कोणत्या विधीने मिस्सा करील ते तिच्या हाती नाही. पहाटेचे स्तोत्र त्यामानाने मठाच्या स्वतःच्या हाती आहे.

पापडीच्या दादांना आजीच्या त्या वाक्यावर मी काही उलट बोलणार नाही. माझी आईही तेच म्हणे. भाची धर्मग्रामातली मराठी मिस्सा बदलायला निघालेली नाही. रविवारी वाचन तीच करते. दोन वर्गांच्या मुद्द्याने मात्र मी रात्रभर अस्वस्थ होते, कारण तो मला माहीत असूनही मी लिहिला नाही.

पापडीचा वाचक

मग तोही पत्रात घाला, ताई. "आपल्या मठात सगळ्या भगिनी गायनकक्षात एकत्र बसतात का, आणि लॅटिन न येणाऱ्या मुलीला ती कोण शिकवते?" यावर सरळ उत्तर आले तर माझा निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा तसाच राहील.

वसईकरीण

घातला. दिवाडकरांचा नव्या मुलींचा प्रश्नही आहे. सध्या फक्त राइडच्या मठाला पत्र जात आहे, कारण तिथे इंग्रजीत बोलता येईल आणि जुन्या मिस्सेचा हट्ट बाजूला ठेवून नुसत्या गायनासाठी आपण राहू शकतो का, हे तिला आधी स्वतःशी पडताळायचे आहे. पाहुणी म्हणून काही दिवस राहता येईल का, असे तिने विचारले आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले पुढे लागतीलच, म्हणून ते आणायला ती काल धर्मग्रामाच्या कार्यालयात गेली होती, आणि परत येताना रडलेली नव्हती.