घरातच बीपी, मग जनुकीय चाचणी करायची का?

पंचवटीकर: आईवडील दोघांनाही बीपी आहे, एवढ्यावरून मुलांनी जनुकीय चाचणीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आनुवंशिकतेचा वाटा साधारण 30 ते 50 टक्के, हे खरं. पण तो डीएनएमधल्या हजाराहून जास्त जागांवर विखुरलाय. एकेका जागेने वरचं बीपी बहुधा 1 पॉइंटही हलत नाही. शिवाय या सगळ्याची बेरीज करून जो स्कोअर देतात, त्यामागची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची. नाशिककराला तो तसाच लावणं चूक आहे.

सिडकोवाला: सरसकट 'नको' अजिबात पटत नाही. लिडल सिंड्रोम हा बीपीचा दुर्मिळ आनुवंशिक आजार घ्या. किडनीच्या नलिकांतली सोडियमची दारं जनुकातल्या बिघाडामुळे पेशीवरून हटतच नाहीत. सोडियम आत ओढलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी बहुधा लहान वयातच चढतं. किडनी सोडते ते रेनिन आणि शरीरात सोडियम धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन, दोन्ही कमी. अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या गोळीचा इथे उपयोग नाही, कारण दार अल्डोस्टेरॉनशिवायच उघडं. अमिलोराइड ही दुसरी गोळी थेट ते दार अडवते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. अशा घरात चाचणी टाळली तर चुकीची गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

पंचवटीकर: त्या घरांबद्दल वाद नाही, पण ती फार थोडी. तिथेही आधी रक्तातलं पोटॅशियम, मग सकाळी अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर तपासायचं. पोटॅशियम कमी असताना रक्त दिलं तर अल्डोस्टेरॉन खोटं कमी दिसतं, म्हणून ते आधी भरून काढायचं. स्पायरोनोलॅक्टोनने रेनिन वाढून आकडा फसवा येतो. ती गोळी साधारण 4 आठवडे आधी बंद करतात, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

जुनं नाशिक: मीठ विसरलात की! 'आमच्या रक्तातच आहे' म्हणत ताटात वरून मीठ घेणाऱ्यांचा मला राग येतो. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात जनुकीय धोका कमी असो की जास्त, राहणी चांगली असणाऱ्यांचं बीपी कमीच होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. मिसळीवरचं फरसाण, सोबतचा पापड यांतलं कोणी धरतच नाही. पापडखारातही सोडियमच असतं. कमी सोडियमच्या मिठात मात्र पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

सिडकोवाला: मीठ मान्य. पण पंचवटीकर, पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून सोडून देऊ नका. दोन शेजारची जनुकं जोडली जाऊन होणाऱ्या अल्डोस्टेरॉनच्या आजारात ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं. घरात कमी वयात मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तो आजार जनुकं तपासूनच पक्का होतो, आणि मग कमी डोसच्या स्टेरॉइडने अल्डोस्टेरॉन दबतं.