‘निषिद्ध’, ‘प्रतिबंधित’ की ‘निर्बंधित’?

प्रश्न : काल कोथरूडमधल्या एका कुरिअर दुकानात दुबईला लेकीकडे फराळ पाठवायला गेले होते. फलकावर लिहिलं होतं, ‘निषिद्ध व प्रतिबंधित वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत.’ दोन्हींचा अर्थ एकच ना? मग दोन शब्द कशाला?

उत्तर : ताई, फलक लिहिणाऱ्याला दोन वेगळे अर्थ हवे होते, पण दुसरा शब्द चुकला. मी मार्केट यार्डात निर्यातीची कागदपत्रं करतो, हा घोळ रोज समोर येतो. परकीय व्यापार धोरणात काही माल खुला असतो, काही रिस्ट्रिक्टेड, काही प्रोहिबिटेड. रिस्ट्रिक्टेड माल परवाना काढला की जातो. प्रोहिबिटेडला दारच बंद. जून २०२२ मध्ये साखर रिस्ट्रिक्टेड झाली, तरी परवानगीने ती जात राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा मात्र थेट प्रोहिबिटेडमध्ये टाकला. बोलताना आपण दोन्हींना ‘निर्यातबंदी’च म्हणतो आणि शेतकऱ्याला कळत नाही की परवान्यासाठी धावायचं की माल इथेच विकायचा.

प्रोहिबिटेडला ‘निषिद्ध’ चपखल आहे. चातुर्मासात कांदा निषिद्ध म्हटलं की कुणी ‘किती चालेल?’ असं विचारत नाही. खरी अडचण ‘प्रतिबंधित’ची. मराठीत प्रतिबंध म्हणजे होऊ न देणं, जसं प्रतिबंधक लस. हिंदीत प्रतिबंधित म्हणजे सरळ बंदी घातलेलं. आणि करोनाकाळात आपल्या ‘प्रतिबंधित क्षेत्रा’त माणसं राहत होती, दूध-भाजीही पोचत होती. इतक्या दिशांना ओढला जाणारा शब्द कायद्याच्या कामाचा नाही. रिस्ट्रिक्टेडला ‘निर्बंधित’ म्हणावं. ‘निर्दोष’, ‘निर्धन’ यांच्या चालीवर ‘निर्बंध’ म्हणजे बंधन नसलेला असं वाटू शकतं, पण मराठीत तो बंधनाच्याच अर्थी पक्का रुजलाय. मला स्वतःला ‘परवानाधीन’ जास्त आवडतो. ऐकताक्षणी पुढचं काम कळतं.

एक बारकावा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात ‘प्रोहिबिटेड गुड्स’ची व्याख्या रुंद आहे. अटी पाळून आणलेला किंवा पाठवलेला माल तीत येत नाही, अटी मोडल्या तर परवानाधीन मालही येतो. तिथे ‘निषिद्ध’ वाचताना धोरणातला वर्ग डोक्यात ठेवू नका.

आणि तुमच्या फराळात अनारसे असतील तर ते काढून ठेवा. खसखस आपल्याकडे वाण्याकडे मिळते, संयुक्त अरब अमिरातीत ती निषिद्ध आहे. परवानाधीन नव्हे, निषिद्ध.

प्रश्न : बरं झालं सांगितलंत! करंज्यांच्या सारणातही भाजून घातली आहे. चकल्यांना फक्त तीळ लावलेत.

उत्तर : तिळाची अडचण नाही. करंज्याही मागे ठेवा, आणि यादीत ‘फराळ’ असं मोघम न लिहिता एकेक पदार्थाचं नाव लिहा.