ई-सिगारेटची सर्वेक्षणे आणि उत्तराला जागाच नसलेले प्रश्न

टेम्सकाठ

मी ब्रिटनमध्ये राहतो. बरीच वर्षे ओढलेली सिगारेट मी वेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याच्या, आधाराने सोडली आणि तेव्हापासून संशोधनासाठी कुणी माहिती मागितली तर आवर्जून देत आलो. अलीकडे मात्र एका विद्यापीठाची प्रश्नावली मला अर्ध्यावर सोडावी लागली. ‘तुम्ही दिवसाला किती ई-सिगारेट ओढता?’ असा प्रश्न होता आणि पर्याय होते एक ते पाच, सहा ते दहा, दहाहून अधिक. माझ्याकडे उपकरण एकच आहे. त्यात मी लिक्विड भरतो आणि ते तापवणारी कॉइल खराब झाली की बदलतो. माझा वापर मोजायचा असेल, तर आठवड्याला किती मिलिलिटर लिक्विड लागते आणि त्यात निकोटीनचे प्रमाण किती असते, हे विचारायला हवे. पुढे ‘सोडण्याचा विचार आहे का?’ असे विचारले होते. काय सोडण्याचा, सिगारेट की वेपिंग, याचा उल्लेख नव्हता, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते.

अशाच उत्तरांच्या बेरजेतून निष्कर्ष निघतात आणि त्या निष्कर्षांवर कायदे उभे राहतात, म्हणून मला याचा राग येतो. वेपिंग आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध सांगणारा एक शोधनिबंध २०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन हार्ट असोसिएशन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनेकांना झटका आला होता तो वेपिंग सुरू करण्याच्या आधीच, हे टीकाकारांनी दाखवून दिले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. प्रत्यक्ष वेपिंग करणाऱ्या काही जणांना दाखवून, त्यांच्याकडून तपासून घेतल्याशिवाय कोणतीही प्रश्नावली बाहेर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडेमोड

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात संख्याशास्त्राचे काम करते आणि तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी माझा वाद नाही. तो प्रश्न निष्काळजीपणे लिहिलेला आहे. दुसऱ्या परिच्छेदातले उदाहरण मात्र तुमच्या विरोधात जाते. तो निबंध अमेरिकेच्या ‘पाथ’ या दीर्घकालीन अभ्यासाच्या माहितीवर आधारलेला होता आणि त्या अभ्यासात झटका कधी आला व वेपिंग कधी सुरू केले, हे दोन्ही विचारलेले होते. ती माहिती हाताशी असूनही लेखकांनी विश्लेषणात ती योग्य रीतीने वापरली नाही. दोष विश्लेषणाचा होता, आणि तो प्रश्नावलीच्या माथी मारणे बरोबर नाही.

शिवाय प्रश्नावली कुणाला दाखवायची हाही प्रश्न उरतोच. ज्यांना वेपिंगचा फायदा झाला आणि जे त्याविषयी तळमळीने बोलतात, तेच तपासायला पुढे येतात. ज्यांनी महिनाभर करून सोडून दिले, किंवा जे आजही सिगारेट आणि ई-सिगारेट दोन्ही ओढतात, ते येत नाहीत. मग प्रश्नच एका बाजूला झुकतील.

टेम्सकाठ

‘पाथ’मध्ये तारखा होत्या म्हणूनच तर ती चूक पकडता आली! आता अमेरिकेचेच ‘बीआरएफएसएस’ हे दूरध्वनीवरचे सर्वेक्षण पाहा. दरवर्षी चार लाखांहून अधिक प्रौढांकडून त्यात माहिती घेतली जाते. डॉक्टरांनी तुम्हाला हृदयविकाराचा झटका आल्याचे कधी सांगितले आहे का, आणि सध्या तुम्ही ई-सिगारेट वापरता का, हे त्यात विचारतात. वेपिंग कधी सुरू केले हे विचारत नाहीत. ज्या माणसाने झटक्याचा धसका घेऊन सिगारेट टाकली आणि वेपिंग धरले, तोही तिथे ‘वेपिंग करणारा हृदयरोगी’ म्हणूनच नोंदला जातो. तिथे आधी काय आणि नंतर काय, हे कुणी कसे शोधणार?

शिशिरऋतू

आमचे घर न्यू जर्सीत आहे आणि माझा मुलगा हायस्कूलमध्ये आहे, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. ‘गेल्या ३० दिवसांत एकदा तरी वापरली का?’ या प्रश्नावर वेपिंग करणारे प्रौढ नेहमी टीका करतात, कारण एक झुरका घेणारा आणि दिवसभर ओढणारा त्यात एकत्र मोजले जातात. प्रौढांच्या बाबतीत ही हरकत मला पटते. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तो एक झुरकाही मला कळायला हवा. याच मोजमापाने अमेरिकेच्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात २०१९ मध्ये हायस्कूलचे २७.५ टक्के विद्यार्थी आढळले आणि २०२४ मध्ये ७.८ टक्के. आलेख वर गेला तेव्हा आम्ही पालक जागे झालो आणि खाली आला तेव्हा निदान थोडा विश्वास वाटला. दरवर्षी प्रश्न बदलत राहिले असते, तर यातले काहीच दिसले नसते.

आकडेमोड

प्रश्न अगदी तसेच राहिले असेही नाही. २०१९ मध्ये उदाहरणादाखल दिलेल्या ब्रँडच्या नावांत ‘जूल’ आले आणि कागदाऐवजी पडद्यावर उत्तरे घेणे सुरू झाले. नंतर कोविडकाळात काही मुलांनी घरून उत्तरे दिली. तरीही शिशिरऋतू यांचे मूळ म्हणणे योग्य आहे. त्याच २०१९ च्या अहवालात, सध्या वापरणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के मुले महिन्यातले वीस किंवा अधिक दिवस वापरतात, हेही दिले होते. वर्तमानपत्रांनी मथळ्यात २७.५ टक्के हाच आकडा घेतला, याला सर्वेक्षण जबाबदार नाही.

पॉडधारक

व्यसनाची तीव्रता मोजणाऱ्या साधनांविषयी कुणीच बोलले नाही आणि मला सर्वांत मोठी अडचण तिथेच दिसते. सिगारेट पेटते आणि संपते, म्हणून ती मोजता येते. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या निर्देशांकात ‘दिवसातून किती वेळा?’ असे विचारताना एक वेळ म्हणजे सुमारे १५ झुरके किंवा सुमारे १० मिनिटे असे धरायला सांगितले आहे. प्रयत्न प्रामाणिक आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मी काम करता करता दोन झुरके घेतो, पॉड (माझी छोटी ई-सिगारेट) खाली ठेवतो, वीस मिनिटांनी पुन्हा एक घेतो. याच्या ‘वेळा’ करायला बसलो तर येणारा आकडा माझ्या कल्पनेतला असेल, आणि तो पुढे दशांश चिन्हासह छापला जाईल.

कोकणदिवा

मी रत्नागिरीहून लिहितो आहे आणि माझ्या दृष्टीने तुम्ही सर्व जण एक मोठी गोष्ट गृहीत धरता: उत्तर देणारा खरे सांगायला मोकळा आहे. भारतात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगारेट सध्या वापरणाऱ्यांचे प्रमाण ०.०२ टक्के आले होते. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, पुढे कायदा झाला आणि उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात हे सर्व गुन्हे ठरले. स्वतः ओढणे त्या यादीत नाही. पण जवळ बाळगलेले उपकरण साठवणीत मोडते की नाही, याची सामान्य माणसाला खात्री नसते. अशा वेळी दारात आलेल्या अनोळखी प्रश्नकर्त्याला, तेही घरातली मंडळी ऐकत असताना, कोण होकार देईल?

अमेरिकेतही हे घडले आहे. २०१९ च्या वेपिंगशी जोडलेल्या फुफ्फुसविकाराच्या साथीत काही रुग्णांनी गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक घेतल्याचे नाकारले आणि नंतर त्यांच्यापैकी अनेकांच्या फुफ्फुसांतून घेतलेल्या द्रवात ते आढळले. टेम्सकाठ यांनी सुचवलेल्या सुधारणा मला मान्य आहेत, परंतु आमच्याकडे नाव न विचारता, माणसाला एकट्याला उत्तर भरू दिले जाईल अशी पद्धत आधी लागेल. लिक्विडचे मिलिलिटर त्यानंतर विचारा.

टेम्सकाठ

ब्रिटनमध्ये प्रौढांना वेपिंगला मुभा आहे, त्यामुळे ती भीती मला कधी बाळगावी लागली नाही. तुमचा मुद्दा मी मनापासून स्वीकारतो. आकडेमोड यांच्या आक्षेपावर माझी सूचना अशी आहे की तपासणाऱ्यांत सोडून दिलेले, दोन्ही ओढणारे आणि फक्त वेपिंग करणारे असे तिन्ही असावेत, आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘हे मला लागू नाही’ हा पर्याय असावा. तो किती जणांनी निवडला, हेही अहवालात छापले जावे.

आकडेमोड

त्या पर्यायाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि किती जणांनी प्रश्नावली मध्येच सोडली तो आकडाही सोबत द्यायला हवा. मात्र ३० दिवसांचा प्रश्न मी काढू देणार नाही.