झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांची आधार कार्डं साठून राहतात, ओपन सोर्सकडं जायचंय, सुरुवात कुठनं करू?

लक्ष्मीपुरी_डीटीपी:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. दोन जुने कॉम्प्युटर, ४ जीबी रॅम, विंडोज १०, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या मशीनवर चढत नाही. पण खरी काळजी वेगळीच आहे. लोक आधार, पॅन, सातबारा, पोरांचे दाखले सगळं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकतात, मी प्रिंट देतो आणि विसरून जातो. परवा घरी पोरीला रंकाळ्यावरचे फोटो दाखवताना मधेच एका आजींचं आधार आलं, त्यामागं त्यांचं पासबुक, आणि बघतो तर हे सगळं फोनमधनं आपोआप क्लाउडवर पण चढलेलं! लई वाईट वाटलं, विश्वासानं देतात हो लोक. विंडोजऐवजी लिनक्स ही ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली) सिस्टीम टाकू का? मराठी टायपिंगचं आणि कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं काय होईल? गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल ह्या मेसेजच्या ॲपवर आणावं का?

उद्यमनगर_लेथ:
भावा, लिनक्स नंतर, आधी फोन. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद कर, मीडिया व्हिजिबिलिटी बंद कर म्हणजे गॅलरीत काही येणार नाही, आणि फोटोंचा क्लाउड बॅकअप दुकानाच्या फोनवर बंदच ठेव. जुनं जे चढलंय ते क्लाउडवरनं पण पुस आणि तिथला ट्रॅश पण रिकामा कर, लोक हे विसरतात. सिग्नल चांगलंच आहे, मी घरच्यांशी तेच वापरतो, पण रांगेत उभ्या माणसाला ॲप घ्यायला लावू नकोस, तो शेजारच्या दुकानात जाईल. मेसेजचं एन्क्रिप्शन (वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणूनचं कुलूप) व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हीकडं सिग्नलच्याच पद्धतीवर चालतं, तुझं गळतंय ते पोचल्यानंतर, तुझ्या फोनमधनं.

मशीनवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (लिनक्सचाच एक हलका प्रकार) टाक, ४ जीबीत आरामात चालतं. पेनड्राइव्हवरनं चालू करून आधी बघ, हार्डडिस्कला हात लागत नाही, तुझा प्रिंटर आणि स्कॅनर चालतोय का तेवढं तपास. इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शनचा पर्याय येतो तो घे, उद्या मशीन चोरीला गेलं तरी आजींचं पासबुक कुणाला दिसायचं नाही.

अक्षरजुळणी_राजारामपुरी:
दादा, मी अठरा वर्षं पत्रिका आणि अहवाल लावते, म्हणून कोरलचं स्पष्ट सांगते, ते लिनक्सवर सरळ चालत नाही, त्यासाठी एक मशीन विंडोजवर राहू द्या आणि त्याचं नेट काढून टाका. जुन्या फायली श्रीलिपी ह्या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये असतील तर त्यात अक्षरं त्या फॉन्टच्या आपल्याच कोडात बसलेली असतात, फॉन्ट बदलला की नुसती गिचमिड. त्या सगळ्या एकदम बदलायच्या मागं लागू नका, पण नवीन काम आजपासून युनिकोडमध्येच (सगळीकडं चालणाऱ्या एकाच कोडात) करा, मुक्ता, बालू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, छपाईत सुंदर दिसतात. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची सरकारी कीबोर्ड मांडणी) येत असेल तर लिनक्सवर कीबोर्ड तोच मिळतो.

लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) एक गोष्ट नक्की करा, नाहीतर वैतागून सोडून द्याल: सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट तिथं इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. वर्डची फाइल उघडल्यावर मजकूर सरकतो तो बहुतेक वेळा कॅलिब्री हा वर्डचा इंग्रजी फॉन्ट नसल्यामुळं, त्याच्या जागी कार्लिटो फॉन्ट टाका, त्याची अक्षरं रुंदीला तेवढीच आहेत. कोरलच्या जागी इंकस्केप ह्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर कार्ड होतात, पण प्रेसला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) हवं असेल तर शेवटचं काम स्क्रायबस ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधनं काढा.

आणि आधारचं म्हणाल तर लोकांना मास्क्ड आधार काढून द्या, आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या साइटवरच मिळतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. चालतंय तिथं तेच द्यायला सांगा.

लक्ष्मीपुरी_डीटीपी:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून फोन साफ केला, चार वर्षांचे कागद निघाले, पुसता पुसता अकरा वाजले. दुकानाचं व्हॉट्सॲप आता २४ तासांच्या डिसअपिअरिंगवर (मेसेज आपोआप पुसले जातात) ठेवलंय आणि काउंटरवर पाटी लावली, "प्रिंट झाल्यावर तुमची फाइल तुमच्यासमोर पुसली जाईल". आज सकाळी एका काकांनी पाटी वाचून स्वतःच थांबून बघितलं. मिंट पेनड्राइव्हवरनं चालू झालं, प्रिंटर लागला, स्कॅनर अजून दिसत नाही. त्याचं मॉडेल संध्याकाळी टाकतो, ताई बघाल का?