वेब डेव्हलपमेंटसाठी नवीन मशीन: डेस्कटॉप घेऊ की लॅपटॉप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं वेब डेव्हलपमेंट करतोय, सगळं काम एकाच लॅपटॉपवर. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. आता तो पार थकलाय.

रोज एकाच वेळी चालू असतं ते असं: व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), रिअ‍ॅक्टचा डेव्ह सर्व्हर (सेव्ह केलेला बदल लगेच ब्राउझरमध्ये दाखवणारा), डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, ब्राउझरचे वीसेक टॅब. त्यात क्लायंटचा व्हिडिओ कॉल आला की संपलंच. परवा कॉलवर नवीन फॉर्म दाखवत होतो. एका बटणाचा रंग बदलून फाइल सेव्ह केली, तो रंग स्क्रीनवर उमटायला अर्धा मिनिट गेला. तेवढा वेळ कर्सर जागचा हलेना, पंखा घोंघावतोय, आणि पलीकडून "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय". नंतर टास्क मॅनेजर पाहिला तर मेमरी ९४ टक्के, सीपीयू मात्र ३० च्या आसपास. रॅम वाढवू म्हणून मागचं झाकण उघडून घेतलं, तर ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली. मोकळा स्लॉटच नाही.

माझा ओढा डेस्कटॉपकडे आहे: ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, २७ इंची १४४०पी मॉनिटर. कोड आणि ब्राउझर शेजारी शेजारी मावणं हे मला फार मोलाचं वाटतं. पण आठवड्यातून दोन दिवस क्लायंटच्या ऑफिसात बसावं लागतं, तिथे डेस्कटॉप कसा नेणार? तेवढ्याच बजेटमधला लॅपटॉप १६ जीबीवर थांबतो. मॅकबुकचाही विचार केला, कारण आयफोनच्या सफारीत माझं लेआउट हमखास बिघडतं आणि विंडोजवर सफारी मिळत नाही.

अशी दुहेरी धावपळ असलेल्यांनी काय घेतलंय? ग्राफिक्स कार्ड लागेल का?

प्रतिसाद:

ग्राफिक्स कार्ड नको, या कामात ते नुसतं बसून राहील. तो पैसा रॅमला लावा.

खरेदीआधी एक बघा. प्रोजेक्टचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएल २ मधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालवताय का? तसं असेल तर प्रत्येक फाइल दोन फाइल सिस्टिम ओलांडून येते, आणि नोड मॉड्यूल्समध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार कोडचं फोल्डर) अशा बारीक फाइली हजारोंनी असतात. शिवाय फाइल बदलल्याची सूचना तिकडून लिनक्सला पोचत नाही, त्यामुळे डेव्ह सर्व्हरला सगळ्या फाइली पुन्हापुन्हा चाळत बसावं लागतं. तुमचा अर्धा मिनिट बराचसा इथेच जात असणार. फोल्डर उबुंटूच्या (डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या) होम फोल्डरमध्ये हलवा. रॅमचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही. डब्ल्यूएसएलला मशीनच्या निम्म्यापर्यंत रॅम घ्यायची मुभा असते, म्हणजे ८ पैकी ४ जीबी तिकडे, आणि उरलेल्यात विंडोज, ब्राउझर, कॉल.

दोन दिवसांचं म्हणाल तर जुना लॅपटॉप टाकू नका. डेस्कटॉप घरी चालू ठेवा, लॅपटॉपवरून व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) त्यात शिरा. डॉकर, डेव्ह सर्व्हर सगळं घरी चालतं, लॅपटॉपला फक्त एडिटर आणि ब्राउझर सांभाळायचा. मी असंच काम करतो. एसएसएचचा पोर्ट (जोडणी आत येण्याचं दार) मात्र थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका, वायरगार्डसारखं व्हीपीएन (दोन मशीनमधली खाजगी, कूटबद्ध जोडणी) मध्ये घाला.

फक्त सफारीसाठी मॅक घेऊ नका. प्लेराइट (साइट ब्राउझरमध्ये आपोआप तपासायचं साधन) याचं वेबकिट (सफारीच्या आतलं इंजिन) विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतं, त्यात बरेच घोळ आधीच दिसतात. शेवटची खात्री खऱ्या आयफोनवर करा. मॅक घेतलाच तर रॅम पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या, नंतर वाढवता येत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार! प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरच होता. काल रात्री हलवला. कॉल बंद असताना सेव्ह केलेला बदल आता लगेच दिसतो, दोन वेळा खात्री करून घेतली. कॉल चालू केला की मेमरी अजून नव्वदीपार जाते, म्हणजे मशीन बदलायचं आहेच.

रिमोटची कल्पना फारच पटली. एकच शंका: क्लायंटच्या ऑफिसातलं वाय-फाय बऱ्याच गोष्टी अडवतं, तिथे व्हीपीएन चालेल का? सोमवारी जाणार आहे, फोनवर व्हीपीएन लावून आधी तेच तपासतो. अडवलंच तर मोबाइल हॉटस्पॉटवरून दिवसभर असं काम कुणी केलंय का? टाइप करताना अडखळतं का, तेवढं सांगा, मग डेस्कटॉपची ऑर्डर देतो.