मदत हवी आहे: आफ्रिकेतल्या महिला फुटबॉलची पात्रता फेरी

मंडळी, २०२२ च्या महिला आफ्रिका कपच्या पात्रता फेरीबद्दल विचारायचंय. मोरोक्कोतल्या त्या स्पर्धेत ८ ऐवजी १२ संघ झाले, बुरुंडी आणि बोट्सवाना पहिल्यांदाच खेळले. पण घाना बाहेर! तीन वेळची उपविजेती घाना पहिल्याच फेरीत नायजेरियासमोर आली. लागोसला ०-२ हार, अक्रात १-० जीत, एकूण १-२. खेळ संपला. (इतक्या लवकर ही जोडी लावायची म्हणजे कमालच.)

या जोड्या कशा ठरल्या? शेजारचे देश पाहून, क्रमवारीवरून की निव्वळ चिठ्ठ्या टाकून? नियम नीट माहीत असलेल्यांनीच सांगा, अंदाज माझ्याकडेही भरपूर आहेत. आणि अक्राचा पूर्ण सामना कुठे बघायला मिळेल?